किल्ल्यापुढची नववधू आणि किल्ल्याखालचा श्रमिक

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही अवाढव्य करमणूकनगरी आहे. तेथील मॅजिक किंगडम या उद्यानाचे दरवाजे सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी उघडण्यापूर्वी, भल्या पहाटे, विवाहवेषातील वधूला सिंड्रेलाच्या किल्ल्यापुढे उभे करून व्यावसायिक छायाचित्रकाराकडून तिची छायाचित्रे काढून दिली जातात. हा लग्नसमारंभ नव्हे. समारंभ वेगळा, त्याचे मूल्य वेगळे. येथे विकली जाते ती केवळ प्रतिमा: निर्मनुष्य रस्ता, मागे उजळलेला किल्ला आणि पुढे एकटी राजकन्या.

लग्नातील छायाचित्रांसारख्या किरकोळ बाबीकडे श्रमिक चळवळीने लक्ष देण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील. कारण हे की, भांडवलशाही माणसाच्या केवळ श्रमावर ताबा मिळवून थांबत नाही. त्याच्या आनंदाच्या क्षणांवरही ती आपली मालकी सांगते. ही प्रक्रिया जितक्या स्पष्टपणे या एका चित्रात दिसते, तितकी ती क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

डिस्नेचे कॅलिफोर्नियातील पहिले उद्यान १९५५ साली उघडले आणि फ्लोरिडातील १९७१ साली. ‘परीकथेतील विवाह’ या नावाने लग्ने लावून देण्याचा पद्धतशीर व्यवसाय कंपनीने १९९१ साली सुरू केला. १९९५ साली त्यासाठी तेथील सरोवराच्या काठी स्वतंत्र विवाहमंडपही उभारला. परीकथा ही मुळात लोकांची संपत्ती. चुलीपाशी राबणाऱ्या सावत्र मुलीची कथा युरोपातील अनाम लोककथाकारांनी पिढ्यानपिढ्या सांगितली. तिच्यावर कोणाचा मालकीहक्क नव्हता. त्या कथेचा चित्रपट १९५० साली निघाला, चित्रपटातून किल्ला निघाला, किल्ल्यातून तिकीट निघाले आणि तिकिटातून अखेर वधूचे छायाचित्र निघाले. जे सर्वांचे होते ते कुंपणात घ्यायचे आणि मग ज्याचे त्यालाच विकायचे, ही भांडवलाची जुनीच रीत आहे. इंग्लंडमध्ये गावाच्या सामायिक कुरणांना जे कुंपण पडले, तेच येथे कल्पनेच्या कुरणाला पडले आहे.

पहाटेच्या या छायाचित्रात नेमके काय विकत मिळते, हे पाहण्यासारखे आहे. दिवसा त्याच रस्त्यावर हजारोंची गर्दी असते. त्यांपैकी प्रत्येकाने तिकिटाचे पैसे मोजलेले असतात आणि तरीही त्या गर्दीत कोणीही राजा किंवा राणी नसते. सारे रांगेतले असतात. ज्यांना अधिक पैसे देणे परवडते त्यांना ती गर्दी नसलेला एक तास विकला जातो. म्हणजे येथे विक्रीची वस्तू म्हणजे इतरांची अनुपस्थिती. आधी गर्दी जमवून नफा मिळवायचा, मग गर्दी वगळून पुन्हा नफा मिळवायचा!

ज्या किल्ल्यापुढे ही वधू उभी राहते तो दगडी नाही. पोलाद, काँक्रीट आणि फायबरग्लास यांचा तो बनलेला आहे. त्याची उंची १८९ फूट. परंतु वरच्या मजल्यांची मापे क्रमाक्रमाने लहान करीत नेल्यामुळे तो डोळ्यांना पुष्कळच उंच भासतो. नाटकाच्या पडद्यावर असा दृष्टिभ्रम निर्माण करण्यात काही गैर नाही. परंतु या किल्ल्याचा खरा दृष्टिभ्रम उंचीचा नसून खोलीचा आहे. मॅजिक किंगडमच्या रस्त्यांखाली बोगद्यांचे विस्तीर्ण जाळे आहे. प्रत्यक्षात ते बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले असून प्रेक्षक ज्यावर चालतात तो त्यांच्या वरचा मजला आहे. कामगारांची ये-जा, कचऱ्याची वाहतूक, मालाचा पुरवठा, हे सारे तेथून चालते, ते अशासाठी की राबणारा माणूस राबताना कोणाच्या दृष्टीस पडू नये. तेथे कामगाराला कामगार म्हणत नाहीत. तो ‘नटसंचातील सदस्य’ असतो. त्याचा गणवेश हा गणवेश नसून ‘वेषभूषा’ असते, आणि काम हे काम नसून ‘रंगमंचावरील प्रवेश’ असतो. मालाच्या चमकदार रूपाआड तो माल निर्माण करणाऱ्या माणसांचे परस्परसंबंध कसे दडून जातात, याचे विवेचन मार्क्सने १८६७ साली ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात केले. येथे ते दडवणे बांधकामाच्या आराखड्यातच घातलेले आहे.

छायाचित्रातला रस्ता स्वच्छ दिसतो, कारण रात्रपाळीच्या कामगारांनी तो रात्रीतून धुतलेला असतो. हा माणूस चित्राच्या चौकटीत कोठेही नसतो. चौकटीबाहेरच्या या माणसाचे जीवन कसे आहे?

२००१ साली फ्लोरिडातील उद्यानात मिकी आणि इतर पात्रांचे पोशाख चढवून मुलांचे मनोरंजन करणाऱ्या कामगारांना, टीमस्टर्स या त्यांच्या संघटनेमार्फत, एका मागणीसाठी कंपनीशी झगडावे लागले. ती मागणी अशी की, पोशाखाखाली घालण्याची अंतर्वस्त्रे प्रत्येकाची स्वतंत्र असावीत आणि ती स्वतः धुण्याची मुभा मिळावी. तोवर ती सामायिक होती आणि त्यातून त्वचेचे विकार व उवा पसरत असल्याची कामगारांची तक्रार होती. जगातील सर्वांत मोहक स्वप्न विकणाऱ्या कंपनीत स्वच्छ अंतर्वस्त्र हा कराराचा विषय व्हावा, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

२०१८ साली कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या सुमारे ५,००० कामगारांची पाहणी ऑक्सिडेंटल कॉलेज आणि इकॉनॉमिक राउंडटेबल या संस्थांच्या संशोधकांनी कामगार संघटनांच्या सहकार्याने प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७३ टक्के कामगारांनी सांगितले की, मिळणाऱ्या वेतनात महिन्याचा मूलभूत खर्च भागत नाही. मागील दोन वर्षांत राहण्यासाठी स्वतःचे ठिकाण नसल्याची पाळी आलेल्यांचे प्रमाण दहात एकाहून अधिक होते. दिवसा किल्ल्याची रखवाली करावी आणि रात्री मोटारीत झोपावे, अशी कहाणी तेथे अपवाद राहिलेली नव्हती. त्याच २०१८ साली कंपनीचे प्रमुख बॉब आयगर यांचे एकूण मानधन ६ कोटी ५६ लाख डॉलर होते. कंपनीतील मध्यम वेतनाच्या ते १,४२४ पट भरले. या तफावतीवर जाहीर टीका करणाऱ्यांत संस्थापक घराण्यातील अॅबिगेल डिस्ने याही होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये महामारीच्या काळात कंपनीने २८,००० कामगारांना कमी करण्याची घोषणा केली. स्वप्नाला टाळे लागते तेव्हा पहिली झळ कोणाला लागते, हे त्यावरून दिसले.

या परिस्थितीचा इतिहासही आहे. मे १९४१ मध्ये डिस्नेच्या चित्रशाळेतील कलावंतांनी संघटनेच्या हक्कासाठी संप पुकारला. संपामुळे कंपनीला संघटनेस मान्यता द्यावी लागली. परंतु मालकाने तो पराभव विसरला नाही. २४ ऑक्टोबर १९४७ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ समितीपुढे साक्ष दिली आणि त्या संपाचे खापर कम्युनिस्टांवर फोडले. वेतनाची मागणी करणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची ही युक्ती भारतातील कामगारालाही अपरिचित नाही. सत्तेशी असलेले नाते तर त्याहून उघड होते. १९६७ साली फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कंपनीच्या हजारो एकर जमिनीसाठी रीडी क्रीक नावाचा खास जिल्हा निर्माण केला. रस्ते, पाणी, अग्निशमन, बांधकाम-परवाने, इतकेच काय, अणुवीज केंद्र उभारण्याचा अधिकारही त्याला दिला. आणि तेथील मताधिकार जमिनीच्या मालकीवर ठरला. ही व्यवस्था राज्य सरकारशी झालेल्या भांडणानंतर २०२३ साली मोडली, पण ती कामगारांच्या हाती गेली नाही. राज्यपालांनी नेमलेल्या मंडळाच्या हाती गेली.

तथापि या कहाणीचा दुसरा, अधिक महत्त्वाचा भाग असा की, तेथील कामगार गप्प बसलेला नाही. २०१८ साली फ्लोरिडातील संघटनांच्या संयुक्त परिषदेने लढा देऊन ताशी १० डॉलरचे किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलरवर नेणारा करार मिळवला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीचा नवा प्रस्ताव कामगारांनी ९६ टक्के मतांनी फेटाळला आणि त्यानंतर त्याच वर्षाअखेर किमान १८ डॉलर देणे कंपनीला भाग पडले. कॅलिफोर्नियातील अनाहाइम शहरात मतदारांनी २०१८ साली निर्वाहवेतनाचा कायदा संमत केला. तो आपणास लागू नाही असा कंपनीचा दावा होता. न्यायालयात तो टिकला नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये २३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड पुढे आली. मे २०२४ मध्ये डिस्नेलँडमधील पात्राभिनेते आणि मिरवणुकीतील कलाकार यांनी ९५३ विरुद्ध २५८ मतांनी संघटना स्थापन केली. मुखवट्याआडच्या माणसाने मुखवटा न उतरवता हात वर केला!

आता प्रश्न वधूचा. तिची टर उडवणे सोपे आहे आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे. आयुष्यातील एक दिवस सुंदर असावा, आपली छबी नातवंडांनी पाहावी, ही इच्छा मानवी आहे. पुष्कळदा ही वधू स्वतःच पगारदार असते. कोठे परिचारिका, कोठे शिक्षिका, कोठे दुकानातील विक्रेती. वर्षभर यंत्राचा भाग म्हणून वावरणाऱ्या स्त्रीला एका तासापुरते राजकन्या व्हावेसे वाटते, यात दोष तिचा नाही. उरलेल्या साऱ्या तासांतून तिची प्रतिष्ठा हिरावून घेणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. आणि ही व्यवस्था तिलाही फसवते. डिस्नेच्या राजकन्यांच्या नावाने विवाहवेष तयार करणारी अल्फ्रेड अँजेलो ही कंपनी जुलै २०१७ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि एका दिवसात दुकाने बंद झाली. ज्यांनी पैसे भरले होते त्या वधू बंद दारांपुढे उभ्या राहिल्या, आणि आत शिवणकाम करणाऱ्या व विक्री करणाऱ्या स्त्रियांची नोकरी त्याच दिवशी गेली. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या त्या स्त्रियांचे हितसंबंध एकच होते. परीकथेने त्यांची ओळख मात्र कधी करून दिली नव्हती.

हा प्रश्न केवळ फ्लोरिडाचा राहिलेला नाही. १९९६ साली हैदराबादजवळ उभी राहिलेली रामोजी फिल्म सिटी चित्रीकरणाबरोबरच लग्नसमारंभांसाठीही भाड्याने मिळते. किल्ले, घाट, समुद्रकिनारे यांवर लग्नापूर्वीचे छायाचित्रण ही आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचलेली प्रथा आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा; पण कायद्याने बंद केलेला खर्च नवनव्या नावांनी मागील दाराने घरात येतो. शेतकरी बाप मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढतो, त्यात आता छायाचित्रणाच्या खर्चाची भर पडते, आणि ‘लोक काय म्हणतील’ ही भीती त्या कर्जाला जामीन राहते. कॅमेरा हाती घेतलेला तरुण तरी सुखी आहे काय? हंगामी काम, कर्जाने घेतलेली सामग्री, ठेकेदाराची मर्जी, आणि भविष्यनिर्वाह निधी किंवा आजारपणाच्या संरक्षणाचा पत्ता नाही, हे त्याचे वास्तव आहे. तोही चौकटीबाहेरचा श्रमिकच आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत परकीय आदर्श शोधण्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली पुरोहिताशिवाय आणि अल्प खर्चात लग्न लावून दाखवले. त्या विवाहाचा गाभा देखाव्यात नव्हता. वधूवरांनी एकमेकांस दिलेल्या समतेच्या वचनात होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने जातिधर्माच्या भिंती ओलांडणाऱ्यांना तीन साक्षीदारांसमोर विवाह करण्याचा मार्ग खुला केला. अशा विवाहानंतर कचेरीच्या पायरीवर काढलेली साधी छायाचित्रे अनेक घरांत आजही भिंतीवर आहेत. त्यांत किल्ला नाही. पण वधूवरांच्या भोवती माणसे आहेत. या दोन चित्रांतला खरा फरक श्रीमंतीचा नसून तो हाच आहे: एका चित्राला सुंदर होण्यासाठी माणसे हटवावी लागतात, दुसरे माणसांमुळेच सुंदर होते.

यातून निघणारी कर्तव्ये स्पष्ट आहेत. कार्यकर्त्यांनी आपल्या घरातील विवाह साधेपणाने करणे हे उपदेशाहून अधिक परिणामकारक ठरेल. महिला आणि युवक आघाड्यांनी लग्नखर्चाच्या कर्जाचा प्रश्न वधूला दूषणे न देता, तिला सोबत घेऊन मांडला पाहिजे. आणि समारंभ-व्यवसायातील छायाचित्रकार, मंडपवाले, वाढपी, करमणूक-उद्यानांतील कंत्राटी कामगार, या विखुरलेल्या श्रमिकांना संघटित करण्याचे काम हाती घेतले पाहिजे. डिस्नेच्या कामगारांचा अनुभव सांगतो की ते अशक्य नाही. सौंदर्याचा हक्क श्रमिकांनी नाकारायचा नाही, मिळवायचा आहे. तो काही मिनिटांच्या भाड्याने मिळत नाही. रात्री रस्ता धुणाऱ्याला त्याच रस्त्यावर, दिवसाढवळ्या, ताठ मानेने आपल्या लेकीचे छायाचित्र काढता येईल, तेव्हाच तो मिळाला असे म्हणता येईल.