पाठीवर पिशवी, खिशात आधारकार्ड आणि विहाराला कुलूप

सध्या 'बॅकपॅकिंग'चे मोठे कौतुक चालले आहे. पाठीवर एक सॅक, एसटीचा नाहीतर जनरल डब्याचा प्रवास, मिळेल ते खायचे, जागा सापडेल तिथे झोपायचे. प्रस्थापित घरातला एखादा मुलगा असा महिनाभर हिंडून आला की त्याने 'खरा भारत पाहिला' असे म्हणतात. आमच्या आया-मावश्या वर्षानुवर्षे हेच करीत आल्या आहेत. कापडी पिशवीत भाकरी-ठेचा आणि एक चादर घेऊन विदर्भ-मराठवाड्यातून दादर गाठायचे, शिवाजी पार्कात रात्र काढायची, चैत्यभूमीला वंदन करून परत फिरायचे. त्यांना मात्र ६ डिसेंबरला 'गर्दी' म्हणतात, 'फुकटे' म्हणतात. पिशवी तीच, गाडी तीच, जमिनीवरची झोपही तीच. ती कुणाच्या पाठीवर आहे, एवढाच फरक.

एवढे लिहून थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण आम्हाला आज भांडायचे आहे ते आपल्याच माणसांशी.

आपल्यातले जाणते लोक म्हणतात, हिंडणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आपल्या पोरांनी अभ्यास करावा. अभ्यास करावाच. पण १९३४ साली चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी सहलीची इच्छा सांगितली तेव्हा बाबासाहेब काय म्हणाले? ते स्वतः सोबत निघाले. सुमारे ३० जण नाशिकहून औरंगाबादला गेले, वेरूळची लेणी पाहण्यासाठी. वाटेत ओळख उघड करायची नाही असे ठरले होते. दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या तळ्यावर धुळीने माखलेले हातपाय धुतले आणि 'तळे बाटवले' म्हणून ओरडा सुरू झाला. किल्ल्यात पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन, त्यांना आत सोडले. हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहून ठेवले आहे. त्यातच १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो आणि 'महार' हा शब्द ऐकताच मागे सरकतो. आपल्या माणसाने प्रवासाला निघणे ही साधी गोष्ट कधीच नव्हती. ज्याला गावकुसाबाहेर बांधून ठेवले होते त्याने स्वतःच्या मर्जीने, काही काम नसताना, नुसते पाहण्यासाठी निघणे यालाच आम्ही हक्क म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे असेच निघालो. दोन मुली, दोन मुलगे. एसटीचा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढला. नागपूरला दीक्षाभूमी, मग वेरूळ, पुणे, शेवट महाडला चवदार तळे. शक्यतो रात्रीची गाडी धरायची, म्हणजे लॉजचे पैसे वाचतात. स्टँडवर तोंड धुवायचे, वडापाव खायचा, पुढची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारायचे. मान अवघडते, पाय सुजतात, पण चार दिवसांत जे कळते ते एम.ए.च्या दोन वर्षांत आम्हाला कळले नव्हते.

एका किल्ल्याखालच्या गावात मुक्कामाची खोली फोनवर ठरवली होती. पोहोचल्यावर मालकाने आधारकार्ड मागितले. आमच्यातल्या एकाचे आडनाव वाचून 'मूळ गाव कोणतं?' असे विचारले. मग म्हणाला, घरात देवाचं कार्य आहे, सोवळं असतं, आज जमणार नाही. एक वाकडा शब्द बोलला नाही. उलट 'ताई, चहा घेऊन जा' म्हणाला. चहा अंगणातच, कागदी कपात. मसूरच्या स्टेशनमास्तरला निदान तोंडाने विचारावे लागले होते. आता कार्ड पुढे केले की काम होते. ती रात्र आम्ही तालुक्याच्या स्टँडवर बाकड्यांवर काढली.

त्याचा राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य पुढच्या मुक्कामी वाटले. एका तालुक्याच्या गावात आपल्याच वस्तीत आपलेच विहार. दारात ग्रॅनाइट, आत चकचकीत फरशी, पंखे, आणि दाराला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे. फोन लावला. 'कुणाच्या ओळखीनं आलात?' मग, 'गट कोणता?' मग, 'मुली आहेत का सोबत? मग नको बुवा.' तिकडे आडनाव विचारले, इकडे गट विचारला. वस्तीतल्या एका आजीने काही न विचारता आम्हाला घरात घेतले आणि गरम भात वाढला, म्हणून रात्र निभावली.

विहार या शब्दाचा मूळ अर्थच राहण्याची जागा असा आहे. भाज्याच्या लेण्यांत कोरलेले दगडी ओटे झोपण्यासाठीच आहेत. कान्हेरीच्या, जुन्नरच्या शिलालेखांत पाण्याच्या पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. ही लेणी घाटवाटांच्या, बंदरांच्या आसऱ्याने उभी राहिली, कारण माणसे तिथून जात-येत होती. महाडला २० मार्चला लोटणाऱ्या आपल्या किती लोकांना ठाऊक आहे की हमरस्त्यालगतच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत? तथागतांनी सारनाथहून पहिल्या साठ भिक्खूंना पाठवले ते एका वाटेने दोघे जाऊ नका असे सांगून. चारिका हा ज्या धम्माचा पाया, त्याच्या विहारांना आज आपण रविवारच्या वंदनेपुरते आणि जयंतीपुरते उघडतो! नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसताना कुणी आडनाव विचारत नाही. हे शीख समाजाला जमते, आपल्याला का जमू नये?

उत्तरे आम्हाला पाठ आहेत. चोऱ्या होतील, दारू पितील, मुलामुलींचे काही झाले तर कोण निस्तरणार. मग वहीत नाव-पत्ता लिहून घ्या, एकाच रात्रीची मर्यादा घाला, आणि किल्ली महिला मंडळाकडे द्या. मार्च २०२३ पासून बाईला एसटीत अर्धे तिकीट आहे. पण मुलगी एकटी निघाली तर उतरायचे कुठे, हा प्रश्न अर्ध्या तिकिटाने सुटत नाही. तो सोडवण्याची जागा आपल्याकडे वस्तीवस्तीत बांधून तयार आहे, तीही लोकवर्गणीतून. त्या मुक्कामनाकारत्या घरमालकाविरुद्ध बोलायला आम्ही कचरत नाही. पण त्याच्या दारात उभे राहून भांडताना पाठीमागे आपले दार उघडे असेल तर आवाज वेगळा लागतो. खेड्यात मुक्कामी गाडीला रात्रीची जागा असते, आपल्या पोरांना नाही.

आमच्या वस्तीतल्या विहारात चार गाद्या आणि एक वही घेऊन आम्ही हा विषय बैठकीत मांडला. दोन तास वाद झाला. म्हातारे उठून गेले, महिला मंडळ बसून राहिले. गाद्या सध्या कपाटात आहेत. पुढची बैठक येत्या पौर्णिमेला आहे, आणि किल्ली अजून अध्यक्षांच्याच खिशात आहे.