माणसांची खातेवही



पदवीचे निकाल लागले, की आपल्या घरांतून एक ठरलेली चर्चा सुरू होते. मुलाने सी.ए. करावे की दुकान सांभाळावे? मुलीने बी.कॉम.नंतर काय करावे? अलीकडे या चर्चेत मानव संसाधन व्यवस्थापन या विषयाचेही नाव ऐकू येते. चौल-रेवदंड्याच्या बाजारपेठेतील वडीलधारे त्यावर विचारतात, "माणसे सांभाळायला पदवी कशाला? ते गादीवर बसूनच शिकायचे असते." प्रश्न रास्त आहे.

चौल हे व्यापाराचे फार जुने गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आलेले 'सेमिल्ला' बंदर म्हणजे चौलच, असे अभ्यासक मानतात. दूरदेशी माल पाठविणारा व्यापारी प्रत्येक गलबतावर स्वतः जात नसे. तांडेल, खलाशी, गुमास्ते यांच्या भरवशावरच व्यापार चाले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे होतीच. परंतु ती शेठजींच्या स्वभावात असे, वहीत नसे. शेठजी गेले, की तीही जाई.

गिरण्यांच्या मुंबईत तर हजारो माणसे एका छपराखाली आली आणि मालकाची व कामगाराची ओळखच उरली नाही. मग या विषयाचे शिक्षण आवश्यक झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ साली मुंबईत सुरू झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ ची. माणसांचा प्रश्न चिघळला तर काय होते, हे १९८२ च्या गिरणी संपाने दाखविले. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि कोकणातील कितीतरी घरांच्या चुली त्या पगारावर चालत होत्या.

या अभ्यासक्रमात निवड, प्रशिक्षण, वेतनरचना, कामाचे मूल्यमापन, कामगार कायदे आणि तंटानिवारण शिकवितात. हे मोठ्या कंपन्यांचे शास्त्र, असे वाटेल. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मात्र मला वेगळेच दिसे. मालाचा साठा पै-पैशासह लिहिलेला असे. पण नोकर किती, कधीपासून, कोणत्या वेतनावर, हे विचारले की उत्तर तोंडी येई.

याची किंमत निवृत्तीच्या दिवशी कळते. समजा, वीस वर्षे दुकान उघडणाऱ्या दिवाणजींचे अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये आहेत. ग्रॅच्युइटीच्या सूत्राप्रमाणे त्यास २६ ने भागून १५ ने गुणले, की प्रत्येक वर्षाचे ९,००० होतात. वीस वर्षांचे १,८०,०००. दहा वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत हे देणे कायद्याने लागते. त्याहून लहान पेढीवर सक्ती नसेलही. पण हिशेब तोच राहतो. दरवर्षी तरतूद केली तर भार जाणवत नाही. न केल्यास वडील मनाने देऊ पाहतात, मुलगा आकडा ऐकून थबकतो आणि वीस वर्षांचा स्नेह एका दुपारी कडवट होतो.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' आहे. सामर्थ्याबाहेर ओझे लादणे, हा त्याचा अर्थ आपण पशूंपुरता ठेवतो. रात्री दहापर्यंत उभ्या राहणाऱ्या नोकरालाही तो लागू नाही काय?

म्हणून मुलीने हा विषय मागितला, तर तो नोकरीचा हट्ट समजू नका. राज्याची सीईटी द्यावी लागेल, मांडव्याहून बोटीने मुंबई गाठावी लागेल. तो खर्च पेढीचीच गुंतवणूक समजावा. ती शिकत असताना घरी एक वही घाला : प्रत्येक माणसाचे नाव, रुजू झाल्याची तारीख, काम, वेतन, रजा. दिवाळीला आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. यंदा त्यांत ही एक असावी.