जागा विकत घेण्याआधी

‘स्टोरेज फुल’ असा निरोप आला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. महिन्याचे पैसे भरून क्लाउडवर जागा वाढवून घेतली जाते, नाहीतर घाईघाईने हाताला लागेल ते उडवलं जातं. मला दोन्ही पटत नाही. पैसे भरले तरी पसारा तसाच राहतो, आणि घाईत नेमकं नको ते जातं. फोन आवरायचा तो गोष्टी सापडाव्यात म्हणून. हवा तो फोटो हवा तेव्हा सापडत नसेल, तर तो असून नसल्यासारखा.

या पसाऱ्याचा सगळा दोष लोकांच्या माथी मारणं मात्र बरोबर नाही. 2015 मध्ये गूगल फोटोज आलं, तेव्हा दर्जा थोडा कमी करून हवे तेवढे फोटो फुकट ठेवता येत होते. काहीच निवडायला नको, ही सवय आपल्याला तेव्हा लागली. 1 जून 2021 पासून ती सवलत बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो हे सगळं मिळून 15 जीबीत बसवायचं. पुढे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच हिशेबात धरला जाऊ लागला. जागा आटली, सवय गेली नाही. 36 फोटोंचा रोल होता तेव्हा बटण दाबण्याआधीच निवड व्हायची. आता ती नंतर करायची असते, आणि म्हणूनच राहून जाते.

शेजारच्या काकूंना गणपतीत काढलेला नातवाचा फोटो हवा होता. आम्ही दोघी त्यांचा फोन घेऊन बसलो. सुप्रभातची फुलं, चतुर्थीच्या शुभेच्छा, किराणावाल्याला दाखवायला काढलेले पेमेंटचे स्क्रीनशॉट, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, भाचीच्या साखरपुड्याचे तेच ते फोटो तीन ग्रुपवरून तीनदा आलेले. काकूंचा अंगठा वर-खाली फिरत होता आणि त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “अगं, इथेच होता.” नातू शेवटी सापडला, दोन ‘शुभ सकाळ’च्या मध्ये, आरतीचं ताम्हन दोन्ही हातांनी धरून उभा.

भारतातल्या फोनमधल्या या सुप्रभातच्या चित्रांचा भार एवढा होता की, गूगलने आपल्या ‘फाइल्स गो’ ॲपमध्ये ती वेगळी शोधून काढायची सोय केली. तेव्हा सुरुवात तिथूनच करा. आधी व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद. नळ चालू ठेवून पाणी उपसण्यात अर्थ नाही. मग सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. अनेकदा फॉरवर्ड झालेलं आणि 5 एमबीहून मोठं असलेलं सगळं तिथे एकत्र दिसतं. ते डोळे झाकून नाही, पण मन घट्ट करून काढा. त्यानंतर स्क्रीनशॉट.

कागदपत्रांबाबत मी जास्त कडक आहे. आधार आणि पॅनचे फोटो गॅलरीत पडलेले असतात, आणि झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर पाठवलेले त्याच्याही फोनमध्ये. डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याकडून आलेली कागदपत्रं 2016 च्या नियमांनुसार मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहेत. ती तिथे ठेवा, गॅलरीतली काढा. आधारची प्रत द्यावीच लागली, तर जिथे चालते तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्या.

माणसांचे फोटो सर्वांत शेवटी घ्यायचे, आणि ते यंत्रावर सोपवायचे नाहीत. ‘हे फोटो अस्पष्ट आहेत, काढून टाकू?’ असं ॲप विचारतं. आजोबा हसताना हललेले असतात, म्हणून तो फोटो अस्पष्ट. असा एखादाच हसरा फोटो असेल, तर शंभर स्वच्छ फोटोंपेक्षा तो मोलाचा. गेलेल्या माणसाचे फोटो आणि आवाजातले निरोप तर आवरायच्या यादीतच घेऊ नका.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत एका संग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवून प्रयोग केला होता. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. मात्र एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेला, तेव्हा आठवण तितकी उणावली नाही. लक्ष देऊन पाहिलेलं टिकतं, असा अर्थ मी यातून घेते. फोटो निवडताना आपण पुन्हा तसंच पाहतो. म्हणून हे काम एकट्याने रात्री अंथरुणात पडून करण्यापेक्षा रविवारी दुपारी घरातल्या थोरांना शेजारी बसवून करावं. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत कोण उभं आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. गूगल फोटोजमध्ये फोटोखाली मजकूर लिहिता येतो आणि पुढे त्या नावाने शोधताही येतं. ‘बेळगावची आत्या, मुंजीत’ एवढं लिहिलं तरी पुरे.

एक सावधगिरी. त्याच ॲपमधलं ‘फ्री अप स्पेस’ फक्त फोनमधली प्रत काढतं, क्लाउडवरची ठेवतं. ‘डिलीट’ दाबलं आणि बॅकअप चालू असेल, तर फोटो दोन्हीकडून जातो. हा फरक माहीत नसल्याने बाळाच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो गमावलेली माणसं मला भेटली आहेत. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. चूक झाली असेल, तर आजच ट्रॅश उघडून बघा.