मारणारा हात खाकीचा असेल तर?

माझा मामेभाऊ वरणगाव-भुसावळ भागात मोबाईलवर बातम्या करतो. एका मोर्चाचं चित्रीकरण करताना पोलिसाने त्याचा हात पिरगाळला, मोबाईल घेतला आणि व्हिडिओ डिलीट करायला लावला. रात्री त्याने मला पुण्यात फोन केला. "भाई, तक्रार करू का?" मी म्हणालो, "कर." तो म्हणाला, "कोणाकडे?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी कायदा काढून वाचला.

पत्रकारांवरील हल्ले रोखणारा कायदा महाराष्ट्राने २०१७मध्ये मंजूर केला. तो २०१९मध्ये लागू झाला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. तरीही १० ऑगस्ट २०२३ला आपल्याच जिल्ह्यात, पाचोऱ्यात, एका पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली. संतापलेल्या पत्रकारांनी या कायद्याच्याच प्रती जाळल्या.

पाचोऱ्यात मारणारे पोलिस नव्हते. पोलिसच मारतात तेव्हा अडचण वाढते, कारण तपासही पोलिसांकडेच जातो. आमच्या कामात ज्याने कोड लिहिला, त्याच्या एकट्याच्या तपासणीवर तो पुढे जात नाही. हा अविश्वास नव्हे, साधी शिस्त आहे. शिवाय जमाव पांगवताना केलेल्या कारवाईबद्दल पोलिसावर खटला भरायचा, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५१नुसार आधी सरकारची मंजुरी लागते. आणि हा कायदा पत्रकार कोणाला म्हणतो? माध्यमसंस्थेत नोकरीवर किंवा कंत्राटावर असलेल्याला. गावोगावी स्वतःचं चॅनल चालवणारी आपली पोरं त्यात बसवणं कठीण.

दगडफेकीत पोलिसही जखमी होतात, हे खरं. पण कॅमेरा दगड नाही. १५ डिसेंबर २०१९ला दिल्लीत जामियाच्या आंदोलनाचं वार्तांकन करायला गेलेल्या बीबीसीच्या बुशरा शेख यांनी सांगितलं, की पोलिसांनी त्यांना लाठीने मारलं आणि फोन फोडला. कॅमेरा फुटला की मागे एकच कहाणी उरते, पोलिसांच्या कागदावरची. त्या कहाणीत आपली पोरं कशी दिसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कॅलिफोर्नियाने २०२१मध्ये कायदाच केला: आंदोलनाचं वार्तांकन करणाऱ्याला पोलिसांनी जाणूनबुजून मारायचं किंवा अडवायचं नाही. आपल्या कायद्यातही पोलिसांचा असा स्पष्ट उल्लेख हवा, स्वतंत्र पत्रकाराचा समावेश हवा आणि अशा प्रकरणाचा तपास त्या जिल्ह्याबाहेर जायला हवा. ही मागणी आपल्या आमदाराकडे लेखी द्या.

तोपर्यंत हातात आहे ते वापरा. मार लागला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करा. व्हिडिओची प्रत लगेच दुसरीकडे पाठवा. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलिस अधीक्षकांना लेखी पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी राज्य पोलिस तक्रार प्राधिकरण आहे.

मामेभावाने शेवटी अधीक्षकांना अर्ज पाठवला. पोचपावती आली आहे, उत्तर नाही. तो मात्र पुढच्या मोर्चाला जाणार आहे. त्याच्यासोबत साक्षीदार म्हणून आपल्यातले दोघे तरी उभे असावेत.