आई, बाबा आणि आंदालुसिया

अप्रायझल झालं, इन्क्रिमेंट हातात पडलं आणि डोक्यात किडा वळवळला, 'या वर्षी आई-बाबांना युरोप दाखवायचंच!' शाब्बास. आता ते 'दहा दिवसांत सात देश'वालं ब्रोशर आधी बाजूला ठेवा. त्यात पहाटे पाचचा वेक-अप कॉल आणि दिवसभर बस. तुम्ही पंचविशीत आहात, बसमध्ये डुलक्या काढाल. बाबा साठी ओलांडून गेलेत.

एक साधा ग्राफ डोळ्यासमोर आणा. तुमचा पगार वर चढतोय, त्यांचे गुडघे उतरणीला लागलेत. खिशात पैसे आहेत आणि पायात जोरही आहे, अशी मोजकीच वर्षं मिळतात. तेव्हा डेस्टिनेशन ठरवताना आधी पायऱ्या मोजा. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट जबरदस्तच, पण वर जायला ४६३ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. व्हेनिसमध्ये गल्ली संपली की पूल आणि पुलाला पुन्हा पायऱ्या.

माझं मत विचाराल तर दक्षिण स्पेन, म्हणजे आंदालुसिया. सेव्हिल, कोर्डोबा, ग्रानाडा. तीन शहरं, नऊ दिवस, बस्स!

सेव्हिलचा गिराल्दा मनोरा तर जणू गुडघेवाल्यांसाठीच बांधलाय. बाराव्या शतकात हा मशिदीचा मिनार होता, आता कॅथेड्रलच्या घंटा तिथे आहेत. गंमत म्हणजे आत जिनाच नाही. वळत वळत जाणारा चढ आहे. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसा केला, असं सांगतात. वाटेत खिडक्या आहेत. खिडकीशी थांबायचं, शहर बघतोय असं दाखवायचं आणि दम खायचा! दादरचा पूल चढताना दोनदा थांबणारे आमचे बाबा थेट वरपर्यंत गेले. अगदी शेवटी थोड्या पायऱ्या लागतात. तिथे मी हात पुढे केला, तर म्हणाले, "तू हो पुढे." खाली कॅथेड्रलमध्ये कोलंबसची कबर आहे, चार राजांनी खांद्यावर घेतलेली. आईने ती नीट निरखली आणि विचारलं, "आपल्याकडे यायला निघालेला आणि भलतीकडेच पोचलेला, तो हाच ना?"

कोर्डोबाला ट्रेनने पाऊण तासात पोचता येतं. तिथली मेस्किता म्हणजे ८५० हून जास्त खांबांचं जंगल. मशिदीचं काम आठव्या शतकात सुरू झालं, १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाने जिंकलं आणि सोळाव्या शतकात या खांबांच्या मधोमध चक्क कॅथेड्रल उभं केलं. जुन्या रोमन इमारतींमधून आणलेले खांब बुटके पडले, म्हणून कमानीवर कमान चढवून छत उंच केलं. जुगाड फक्त आपणच करतो असं नाही हं! आईला मात्र तिथली घरं जास्त आवडली. मधे मोकळा चौक, भिंतीभर कुंड्या. थेट आपला वाडा.

आणि दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद. पुणेकर बाबांनी या देशाला तिथेच पास केलं. वामकुक्षीला मान असलेल्या गावात पालकांना 'चला, उशीर होतोय' असं दटावावं लागत नाही. रात्रीचं जेवण मात्र नऊशिवाय मिळणं कठीण. म्हणून किचनवालं अपार्टमेंट घ्या, सामानात मुगाची डाळ टाका. बाहेर सेव्हिलची पालक-छोल्यांची भाजी मागवा, त्यात जिरंसुद्धा असतं. टोमॅटोच्या गार सूपवर हॅमचे तुकडे पेरतात, तेव्हा शाकाहारींनी ऑर्डर देतानाच 'सिन हामोन' म्हणायचं.

ग्रानाडाच्या आल्हाम्ब्राचं तिकीट सगळ्यांत आधी काढा, विमानाच्याही आधी तारखा बघा. तिकिटावर पासपोर्टचा नंबर आणि आतल्या नासरी महालांची ठरलेली वेळ असते. ती चुकली की चुकली. आगाऊ बुकिंगचा आणखी एक फायदा म्हणजे, खिडकीवर उभं राहून बाबांना 'रुपयांत किती झाले?' असं विचारता येत नाही. टेकडी चढू नका, गावातून छोट्या बस वर जातात. आत भरपूर चालणं आहे, त्यामुळे त्या दिवशी दुसरं काहीही ठेवायचं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा ऑक्टोबर बघा. त्यासाठी व्हिसाची तयारी उन्हाळ्यातच सुरू करावी लागेल, आणि हो, बॉसकडे नऊ दिवसांची रजा आजच टाका.