लिस्टमधली इंग्रजी आणि फाईलमधली इंग्रजी

'व्हेरी टायर्ड' म्हणू नका, 'एक्झॉस्टेड' म्हणा. 'व्हेरी टॉकेटिव्ह' म्हणू नका, 'लोक्वेशस' म्हणा. 'व्हेरी स्मार्ट' तर चुकूनही म्हणू नका, 'पर्स्पिकेशस' म्हणा. मागे ढणढण संगीत, पंचेचाळीस सेकंदांत पाच शब्द, शेवटी 'सेव्ह करून ठेवा'. तुम्हीही असली दहा-वीस रील्स सेव्ह केली असतील. त्यातलं एक तरी पुन्हा उघडलंत का? आणि उघडलं असलंच, तर त्यातला एक तरी शब्द खऱ्या माणसाशी बोलताना तोंडातून बाहेर पडला का?

या धंद्याबद्दल मला बोलायचंय. 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी' या नावाखाली आपल्याला जे विकलं जातं तो छातीवर लावायचा बिल्ला आहे. त्याचं सर्वात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखी पोरं, ज्यांच्या घरात इंग्रजी पेपर येत नाही आणि ज्यांना इंग्रजीची खरी गरज आहे.

मी वाकोल्याचा. सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय तिशीच्या अलीकडे. आमच्या एका अंगाला विद्यापीठाचं कलिना कॅम्पस, दुसऱ्या अंगाला बीकेसीच्या काचेच्या इमारती, मधून मिठीकडे जाणारा नाला आणि त्याच्या काठाने दाटलेल्या चाळी, झोपड्या, एसआरएचे टॉवर. बीकेसीतल्या लिफ्टमध्ये जी इंग्रजी बोलली जाते ती आमच्या गल्लीपासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ते अंतर तीस दिवसांत तीनशे शब्द पाठ करून कापता येतं, असं सांगणाऱ्या क्लासच्या पाट्या आमच्याकडे दर दोन खांबांमागे एक लटकलेली असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये मला 'मराठी वाचवा'च्या रांगेत उभं कराल. इंग्रजी शिकूच नका असं मी म्हणत नाहीये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं 'वाघिणीचं दूध' आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यांच्या कितीतरी आधी, १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये, सावित्रीबाई फुल्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचं आवाहन केलं होतं. एरवी ज्यांचं कशावरच जमलं नसतं अशा दोन परंपरा इंग्रजीच्या गरजेवर एकत्र येतात. तेव्हा इंग्रजी हवी की नको, हा वाद माझ्या लेखी संपलेला आहे. प्रश्न आहे तो कुठली इंग्रजी, आणि कशासाठी.

शब्द एकटा राहत नाही

लिस्टमधली खोट समजून घ्यायला आधी मराठीतच बघू. समजा, कुणी परदेशी माणूस मराठी शिकतोय आणि त्याला क्लासवाल्याने लिस्ट दिली: बारीक म्हणजे सडपातळ, शिडशिडीत, किडकिडीत, हडकुळा, लुकडा, कृश. सगळ्यांचा अर्थ एकच. आता हा गृहस्थ एखाद्या लग्नात जातो आणि नवरीच्या आईला कौतुकाने सांगतो, "तुमची मुलगी काय लुकडी दिसतेय!"

शब्दकोशाच्या हिशेबाने त्याचं काही चुकलेलं नाही. पण जेवणाचं ताट त्याला मिळेल की नाही, शंकाच आहे.

'सडपातळ'मध्ये कौतुक आहे, 'हडकुळा'मध्ये हिणवणं आहे, 'कृश'मध्ये आजारपण आणि पुस्तकाचा वास आहे. हे आपल्याला कुणी तक्त्यात लिहून दिलं नाही. आजी कुणाला काय म्हणाली, कुठल्या सुरात म्हणाली, हे हजार वेळा कानावर पडून ते आत मुरलं. इंग्रजीचंही तसंच आहे. 'फेमस' आणि 'नटोरियस' लिस्टमध्ये शेजारी शेजारी बसतात, पण रेझ्युमेमध्ये 'मी वेळेत काम पूर्ण करण्यासाठी नटोरियस आहे' असं लिहिलंत, तर एचआर तो रेझ्युमे मित्रांना फॉरवर्ड करेल.

माझ्या धंद्यातला पुरावा देतो. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांवरून कळतो, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात मांडला. २०१३ साली गूगलमधल्या संशोधकांनी 'वर्ड टू व्हेक' काढलं ते याच पायावर. मशीनला डिक्शनरी पाठ करायला न लावता अब्जावधी शब्दांचा मजकूर दिला आणि कुठला शब्द कुणाच्या सोबतीने येईल तेवढं ओळखायला लावलं. मशीनलासुद्धा आपण लिस्ट देऊन भाषा शिकवत नाही. पोरांना मात्र देतो, आणि वर फी घेतो.

गच्चीवरून सुरू केलेलं घर

स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर 'वर्ड पॉवर मेड ईझी' मिळतं. नॉर्मन लुईस यांचं हे पुस्तक १९४९ चं. वाईट पुस्तक नाही, मूळ धातूंवरून शब्दांची कुळं छान उलगडून दाखवतं. पण ते लिहिलंय ज्यांच्या घरात, दुकानात आणि भांडणात इंग्रजीच आहे अशा अमेरिकन वाचकांसाठी. त्यांचा तळमजला बांधून झालेला होता, लुईस त्यांना गच्ची बांधून देत होते. आपण तीच गच्ची विकत घेतो आणि ती कशावर ठेवायची, हे कुणी सांगत नाही.

तळमजल्याचं काम करणारा एक माणूस आपल्याच उपखंडात होता. मायकेल वेस्ट. ब्रिटिश राजवटीत ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. बंगाली पोरांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली. तीही लिस्टच, पण सुमारे २००० सर्वांत उपयोगी शब्दांची, आणि कुठला शब्द कुठल्या अर्थाने किती वापरला जातो याच्या नोंदींसकट. साधारण इंग्रजी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग या शब्दांनी झाकला जातो. 'गेट', 'पुट', 'टेक', 'मेक', 'रन' असे साधे शब्द. यांच्यापुढे 'ऑफ', 'अप', 'आउट', 'ओव्हर' लागले की जे डझनभर अर्थ तयार होतात, तिथे आपण सगळे अडखळतो. 'पुट अप विथ' आणि 'पुट ऑफ' यांतला फरक ज्याला बोलता बोलता सापडत नाही, त्याला 'पर्स्पिकेशस' देणं म्हणजे अनवाणी माणसाला टाय बांधणं. पण 'पुट'वर रील चालत नाही ना. 'पुट' कुणाला इम्प्रेस करतं?

इम्प्रेस तरी होतं का कुणी?

२००६ साली डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच तपासलं. एकच मजकूर, एकदा साध्या शब्दांत आणि एकदा विनाकारण जड शब्दांत, वाचकांना दिला. जड मजकूर लिहिणारा वाचकांना कमी हुशार वाटला. या शोधनिबंधाला त्याच वर्षी साहित्याचं इग नोबेल मिळालं. हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

"मग शशी थरूर?" हा प्रश्न येणारच. २०१७ च्या मे महिन्यात त्यांनी ट्विटमध्ये 'फरागो' वापरला आणि अख्खा देश डिक्शनरी उघडून बसला. पुढे २०२० मध्ये 'थरूरोसॉरस' नावाचं शब्दांचं पुस्तकही आलं. मजा आहे, मलाही आवडतं. पण थरूरांना तो शब्द शोभतो, कारण लोकांना त्यांची हुशारी आधीच मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाने 'फरागो' म्हटलं की तो विनोद होतो, वाकोल्याच्या पोराने इंटरव्ह्यूत म्हटलं की तो घाम होतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कंपनीत मी इंटरव्ह्यू पॅनेलवर होतो. विदर्भातून आलेला मुलगा, पहिली नोकरी. कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल विचारलं, तर म्हणाला की त्याने सिस्टिमचा 'लेथार्जिक परफॉर्मन्स' 'अमेलिओरेट' केला. म्हणजे काय केलं? पुन्हा तेच, आणखी दोन जड शब्द लावून. शेवटी मी म्हटलं, मराठीत सांग. दोन मिनिटांत त्याने सांगितलं की एक क्वेरी दर वेळी अख्खं टेबल वाचत होती, ते त्याने शोधून काढलं, योग्य कॉलमवर इंडेक्स टाकला आणि नऊ सेकंदांचं काम अर्ध्या सेकंदात आणलं. हे इंग्रजीत सांगायला आठवीची इंग्रजी पुरते: 'इट वॉज स्लो. आय फाउंड व्हाय. आय फिक्स्ड इट.' पण त्याला कुणीतरी पटवलं होतं की 'फिक्स्ड' हा गरीब माणसाचा शब्द आहे. मी 'घ्या' लिहिलं. पॅनेलवरच्या दुसऱ्याने 'कम्युनिकेशन वीक' लिहिलं, आणि तेच चाललं.

परीक्षेचं काय?

हा आक्षेप खरा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. एसएससी सीजीएलसारख्या परीक्षांत आजही समानार्थी, विरुद्धार्थी शब्द आणि 'वन वर्ड सब्स्टिट्यूशन' विचारतात. त्या देणार असाल तर करा पाठ, मार्क घ्या आणि मोकळे व्हा. पण जगाची दिशाही बघा. जीआरईने ऑगस्ट २०११ मध्येच सुटे विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजीचे प्रश्न काढून टाकले. अमेरिकेच्या सॅटने २०१६ मध्ये अडगळीतल्या शब्दांना रजा दिली. दोन्हीकडे आता वाक्यात, परिच्छेदात शब्द ओळखायचा असतो. जिथून ही लिस्टची साथ आपल्याकडे आली, तिथे औषध शोधून झालंय. आपल्याकडचे क्लास मात्र जुना माल संपवतायत.

खरी ॲडव्हान्स्ड इंग्रजी

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या शेजारच्या काकूंच्या वस्तीत एसआरएची योजना आली. ३०० चौरस फुटांचं घर, पात्रतेची यादी म्हणजे 'परिशिष्ट-२', तोवर राहायला ट्रान्झिटचं भाडं, हे शब्द तिथल्या पोराटोरांना तोंडपाठ असतात. एका रात्री काकू बिल्डरच्या माणसाने दिलेले कागद घेऊन आल्या. "बाळा, जरा बघ रे. उद्या सही मागतोय." सोबत त्यांची बारावीतली मुलगी होती. ती क्लासला जाते, दिवसाला पंधरा शब्द करते. कागदावर एका कलमात लिहिलं होतं की भाडं दर महिन्याला मिळेल. त्याच्या दोन कलमं खाली 'नॉटविथस्टँडिंग'ने सुरू होणारं वाक्य होतं. मी तिला विचारलं, याचा अर्थ काय गं? ती म्हणाली, "दादा, 'उभं न राहता' असं काहीतरी असेल."

'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'वर काहीही लिहिलेलं असलं तरी'. वरची सगळी आश्वासनं एका फटक्यात खाली बसवणारा शब्द. त्या वाक्याने भाडं बिल्डरच्या 'सोल डिस्क्रिशन'वर, म्हणजे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडलं होतं. आणि शेवटी 'इर्रिव्होकेबल कन्सेंट': एकदा दिली की मागे घेता न येणारी संमती.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे ही मुलगी बारा वर्षं इंग्रजी शिकली, वर क्लासला पैसे भरले, आणि स्वतःच्या आईचं छप्पर ज्या तीन शब्दांवर टांगलेलं होतं ते तिला कुणीच शिकवले नाहीत. दोष तिचा नाही. तिने दिलेला अभ्यास इमानदारीने केला. तिला अभ्यासच चुकीचा दिला गेला.

तुमच्या पहिल्या ऑफर लेटरमध्येही असेच शब्द बसलेले असतात. 'इंडेम्निफाय', 'लिक्विडेटेड डॅमेजेस', 'बॉण्ड'. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर अमुक लाख भरा, हे वाचून पोरं महिनोन्‌महिने घाबरून बसतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई किती, ते कोर्ट ठरवतं. आकडा लिहिलाय म्हणून तो आपोआप अख्खा वसूल होत नाही. एवढं कळायला 'पर्स्पिकेशस' लागत नाही. पण 'रीझनेबल' हा साधा शब्द कायद्यात किती वजनदार आहे, ते माहीत असावं लागतं.

मुलांना शोभेची इंग्रजी विकणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं मला वाटत नाही. शोभेच्या शब्दांनी कुणाचंच काही बिघडत नाही. तुम्ही 'लोक्वेशस' शिकलात म्हणून बिल्डरला, एचआरला, विमा कंपनीला घाम फुटत नाही. तुम्ही 'सब्जेक्ट टू' वाचून थांबलात आणि 'कशाच्या अधीन?' असं विचारलंत, की फुटतो.

तेव्हा शब्द शिकाच, भरपूर शिका. फक्त कुठून शिकायचे ते रीलवाल्याला ठरवू देऊ नका. घरात एक फाईल असते, लाल किंवा निळी, कपाटाच्या वरच्या खणात. भाडेकरार, विम्याची पॉलिसी, कर्जाचे कागद, सोसायटीची नोटीस, तुमचं ऑफर लेटर. या रविवारी ती खाली काढा. दहा शब्द काढा, अख्ख्या वाक्यासकट. त्यांचा अर्थ मराठीत लिहा, आणि आईला समजावून सांगून बघा. तिला कळला, तर तो शब्द तुमचा झाला.