तालुक्याचा पारा आणि आपल्या शिवाराची थंडी

डिसेंबर उजाडला की पेपरात एक बातमी ठरलेली असते. 'निफाडचा पारा घसरला' आणि खाली शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो. आतल्या पानावर महाबळेश्वरची बातमी. वेण्णा तलावाच्या जेटीवर, गाड्यांच्या टपांवर हिमकण जमलेले असतात आणि पर्यटक ते ओंजळीत घेऊन हसत उभे असतात. त्याच पहाटे तिथला स्ट्रॉबेरीवाला शेतकरी मात्र पानं काळी पडली का, हे बघत वाफ्यांतून फिरत असतो. थंडी एकच, पण एकाची मौज होते आणि दुसऱ्याच्या जिवाला घोर लागतो.

आपल्याकडे दिसतो तो खरा बर्फ नव्हे. तो आभाळातून पडत नाही, जमिनीलगतचं दव गोठून त्याचे पांढरे कण होतात. खरा बर्फ पडतो तिथेही सगळ्यांना तो सारखा वाटत नाही. हिमाचलातला सफरचंदवाला हिवाळाभर बर्फाची वाट बघतो. त्याच्या जुन्या जातींच्या झाडांना सात अंशांखालची थंडी हजार तासांहून अधिक लागते, तेव्हा कुठे वसंतात नीट बहर येतो. शिवाय बर्फ हळूहळू वितळतो आणि ओल जमिनीत मुरते. याउलट अमेरिकेतल्या अटलांटा शहरात २८ जानेवारी २०१४ रोजी जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला आणि सगळं शहर रस्त्यात अडकलं. मुलांना रात्र शाळेत काढावी लागली. तिथे त्याची सवय नव्हती आणि तयारीही नव्हती. मला यातून एवढंच सांगायचंय की, नुकसान किती होणार हे थंडीच्या आकड्याइतकंच आपलं पीक कोणतं आणि आपली तयारी किती, यावरही ठरतं.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याचं बघा. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यात पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा थंडीत गहू-हरभरावाला खूश असतो, कारण थंडीनं गव्हाला फुटवे चांगले येतात. त्याच्याच बांधाला लागून असलेल्या द्राक्षवाल्याची मात्र झोप उडते. मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात, हिरव्या जातीत गुलाबी मणी निघतात आणि व्यापारी भाव पाडून मागतो. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीची वाढ थांबते, निसवण अडते. म्हणून 'थंडी चांगली की वाईट' या प्रश्नाला तालुक्यापुरतं एक उत्तर देता येत नाही. गावापुरतंही देता येत नाही.

गावापुरतंही का नाही? निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडून देते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहत नाल्याकडे, खोलगटात जाऊन साचते. त्यामुळे माळावरचं रान वाचतं आणि ओढ्याकाठचं करपतं. महाबळेश्वरच्या वेधशाळेत पारा आठ-दहा अंशांवर असताना तलावाकाठी दव गोठलेलं असतं, त्याचं कारण हेच. शिवाय वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, पेटीत सावलीला असतो. पिकाचं पान उघड्या आभाळाखाली त्याहून गार होतं.

मी स्वतः एका गावात हे करून बघितलं. एक तापमापक माळावरच्या बागेत टांगला, दुसरा ओढ्याकाठच्या बागेत. मध्ये अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. पहाटे पाच वाजता वर सात अंश होते, खाली चार. खालच्या बागेचे मालक मला म्हणाले, "साहेब, विम्यात मात्र आमच्या दोघांचा पारा एकच धरतात." त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा नव्हती.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यावर. बागेत येऊन कोणी घड मोजत नाही. केंद्र माळावर असेल आणि आकडा निकषाच्या किंचित वर राहिला, तर खोलगटातल्या शेतकऱ्याच्या हातात काही पडत नाही. हप्ता मात्र दोघांचा सारखाच. केंद्र शासनाने ग्रामपंचायत पातळीवर हवामान केंद्रं बसवण्याची योजना आणली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण केंद्र बसणार कुठे, हे गावाने बोलायला हवं. सोयीची म्हणून ग्रामपंचायतीची गच्ची दाखवाल, तर पुढची कित्येक वर्षं त्या गच्चीचीच थंडी मोजली जाईल.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना माझी विनंती आहे. किमान तापमान दाखवणारे दोन-तीन साधे तापमापक घ्या. एक माळावर, एक मधल्या रानात, एक ओढ्याकाठी लावा. डिसेंबर ते फेब्रुवारी रोज सकाळी वहीत नोंद करा. शाळेची पोरं हे काम आनंदानं करतील. या वहीनं उद्याच भरपाई मिळेल, असं खोटं आश्वासन मी देणार नाही, कारण करार केंद्राच्या आकड्याचा आहे. पण केंद्राची जागा चुकली आहे हे सांगायला जाल, तेव्हा रिकाम्या हातानं गेलात तर कोणी ऐकणार नाही. दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदी टेबलावर ठेवल्या, तर उत्तर द्यावं लागेल.

बागायतदारांसाठीही चार गोष्टी. थंडीचा इशारा आला की संध्याकाळी हलकं पाणी द्या, ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, वीज असेल तर पहाटे ठिबक चालवा. शेकोट्या पेटवायच्या तर बागेत जागोजागी लहान पेटवा, एका मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. टायर मुळीच जाळू नका, त्यानं आपल्याच घशाला त्रास होतो. आणि केळीभोवती शेवरीचं कुंपण असेल तर उताराच्या खालच्या बाजूला मोकळी वाट ठेवा, म्हणजे गार हवा बागेत कोंडून राहणार नाही.

शेजाऱ्यानं शेकोटी पेटवली म्हणून आपणही पेटवायची, किंवा त्यानं नाही पेटवली म्हणून आपणही झोपायचं, असं करू नका. त्याचं रान वेगळं, तुमचं वेगळं. आपल्या शिवारातली थंडी कुठे साचते, हे आधी ठाऊक असलं पाहिजे. मण्यांना तडे गेल्यावर तापमापक शोधायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. येत्या अमावास्येच्या आसपास आभाळ निरभ्र असेल तर पहाटे एकदा बॅटरी घेऊन माळापासून ओढ्यापर्यंत चालत जा. कुठे अंगावर काटा येतो ते ध्यानात ठेवा. पहिला तापमापक तिथेच लावा.